झाड जेवतं कुठून? वनस्पतीचे अवयव आणि त्यांच्या कामांचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहिला तर तिसरी-चौथीच्या पुस्तकातला आहे. वनस्पतीचे अवयव आणि त्यांची कार्ये. मूळ जमिनीतून पाणी शोषून घेतं, खोड ते वर नेतं, पान अन्न तयार करतं, फुलाचं फळ होतं आणि फळातल्या बीपासून नवं रोप येतं. पाच गोष्टी, लहान मूलही घडाघडा म्हणून दाखवतं. मग तत्त्वज्ञान शिकवण्यात उभा जन्म गेलेल्या आमच्यासारख्यांनी त्यावर काय बोलावं, असं कोणाच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे.

आमचं उत्तर असं. या पाचांपैकी तिसरी गोष्ट, म्हणजे 'पान अन्न तयार करतं' ही, माणसाला कळायला दोन हजारांहून जास्त वर्षं लागली. पान काही समुद्राच्या तळाशी नव्हतं. ते दारात होतं, पूजेत होतं, पत्रावळीत होतं. वैद्यांनी त्याचा रस काढला, गुराख्यांनी ते शेळ्यांना घातलं. तरीही पान झाडासाठी नेमकं काय करतं हा प्रश्न फार थोड्यांना पडला, आणि ज्यांना पडला त्यांचं उत्तर बरीच शतकं चुकत राहिलं. समोर असलेली वस्तू इतका काळ दिसत नाही, ती का? हा प्रश्न जितका वनस्पतिशास्त्राचा तितकाच ज्ञानमीमांसेचा आहे. म्हणून हा इतिहास आपण आज जरा सावकाश पाहू.

उलटा उभा असलेला प्राणी

सुरुवात ग्रीसपासून करू, कारण या विषयावरचं सलग, ग्रंथबद्ध लेखन आपल्याला तिथे सापडतं. इसवी सनापूर्वीचं चौथं शतक. ॲरिस्टॉटलने प्राण्यांचा फार बारकाईने अभ्यास केला होता. वनस्पतींकडे वळताना त्याने प्राण्याचाच आराखडा हातात धरला. प्राणी तोंडाने अन्न घेतो. झाड अन्न कुठून घेतं? मुळांतून. तेव्हा मूळ म्हणजे झाडाचं तोंड. तोंड ज्या बाजूला ती वरची बाजू, असं मानलं तर झाड हे डोकं जमिनीत खुपसून उलटा उभा राहिलेला प्राणीच झालं.

पुढचा प्रश्न पोटाचा. झाडाला पोट नाही, विष्ठा नाही. ॲरिस्टॉटल म्हणतो, जमीन हेच त्याचं पोट. अन्न जमिनीतच पचून तयार होतं, मूळ ते आयतं ओढून घेतं, म्हणून टाकाऊ असं काही उरत नाही. आणि पान? पान फळावर सावली धरण्यासाठी.

हे चुकीचं आहे, पण मूर्खपणाचं मुळीच नाही. यात प्रत्येक अवयवाला काहीतरी काम आहे, आणि तो कशासाठी आहे हे विचारलंच पाहिजे, हा आग्रह आहे. तो आग्रह आजही जीवशास्त्रात जिवंत आहे. अडचण एवढीच की एकदा तोंड सापडलं, पोट सापडलं, की जेवणाचा प्रश्न मिटला. पानाला जेवणाशी जोडायला जागाच उरली नाही. 1583 साली इटलीत चेसाल्पिनोने वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हाही पानाचं मुख्य काम कोंब आणि फळ यांचं रक्षण हेच होतं. ॲरिस्टॉटलनंतर जवळजवळ एकोणीसशे वर्षं झाली होती.

अवयव म्हणावं कशाला?

ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस हा लेस्बॉस बेटावरचा. गुरूनंतर अथेन्समधली शाळा त्याने चालवली. वनस्पतींवरचे त्याचे दोन ग्रंथ आज उपलब्ध आहेत. त्यातल्या पहिल्याची सुरुवातच आपल्या आजच्या विषयाने होते: वनस्पतीचे अवयव कोणते? तो म्हणतो, मूळ, खोड, फांदी, डहाळी हे मुख्य. पण पान, फूल, फळ यांना अवयव म्हणावं का? प्राण्याचा हात दरवर्षी गळून पडत नाही, पान मात्र पडतं. मग तोच आठवण करून देतो की हरणाची शिंगं गळतात, पक्ष्यांची पिसं झडतात. आणि शेवटी एक महत्त्वाची सूचना देतो: प्रत्येक बाबतीत वनस्पतीची प्राण्याशी जुळणी करायला जाऊ नये. गुरूच्या चौकटीला शिष्याने दिलेला हा हळूच धक्का आहे.

दुसरी गोष्ट त्याने सांगितली ती आणखी मोलाची. जमिनीखाली असेल ते सगळं मूळ नव्हे. कांदा जमिनीत वाढतो म्हणून तो मूळ ठरत नाही. अवयव ठरवायचा तो जागेवरून नव्हे, त्याच्या स्वभावावरून आणि सामर्थ्यावरून. याच्या उलट बाजूचं उदाहरण त्याला आपल्या देशाने पुरवलं. अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर आलेल्या लोकांनी भारतातल्या एका अजब झाडाची माहिती ग्रीसमध्ये नेली होती. तो आपला वड. त्याच्या फांद्यांतून जे खाली लोंबतं ते, हवेत असलं तरी, मूळच आहे असं थिओफ्रास्टस लिहितो. वडाच्या पारंब्या इसवी सनापूर्वी ग्रीक वनस्पतिशास्त्रात अशा पोचल्या.

ही कसोटी आपल्या स्वयंपाकघरात लावून पाहा. बटाटा जमिनीत असतो, पण त्याला डोळे असतात आणि डोळ्याला कोंब फुटतो; म्हणून बटाटा हे खोड. आलं, हळद हीसुद्धा खोडंच. रताळं मात्र खरोखर मूळ. कांद्याचा आपण खातो तो भाग म्हणजे पानांचे मांसल थर. त्याचं खोड म्हणजे बुडाशी मुळ्या फुटतात ती चपटी चकती, जी आपण चिरताना कापून टाकतो. निवडुंगाचा हिरवा फडा खोड आहे आणि त्याचे काटे ही बदललेली पानं. भाजीवाल्याच्या टोपलीत या साऱ्यांची जागा एकच, वनस्पतीच्या देहात मात्र वेगवेगळी.

पादप, आणि केळीचा खांब

आता आपल्या परंपरेकडे येऊ. संस्कृतात झाडाला 'पादप' असा सुंदर शब्द आहे. पायाने पिणारा तो पादप. ग्रीकांनी मुळाला तोंड म्हटलं, आपण पाय म्हटलं. पण पिणं दोघांनीही तिथेच ठेवलं.

महाभारताच्या शांतिपर्वात भृगू आणि भरद्वाज यांचा संवाद आहे. भरद्वाज शंका काढतो: झाडं ऐकत नाहीत, पाहत नाहीत, मग ती पंचमहाभूतांची कशी? भृगू एकेक निरीक्षण पुढे ठेवतो. उष्णतेने पान कोमेजतं, म्हणजे स्पर्श आहे. वेल आधाराभोवती वळते, म्हणजे ती वाट पाहू शकते. आणि पाणी पिण्याबद्दल तो दृष्टान्त देतो कमळाच्या देठाचा: देठ तोंडात धरून जसं पाणी वर ओढावं, तसं झाड वायूच्या साहाय्याने पायांनी पाणी पितं. हा दृष्टान्त लक्षात ठेवा, पुढे त्याची गाठ पडणार आहे. मात्र तेवढ्यावरून 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' असं म्हणायची घाई करू नये. ते म्हणणं पूर्वजांवरही अन्याय करणारं असतं, कारण त्यांनी खरोखर काय पाहिलं हे मग आपण पाहतच नाही.

त्यांनी किती नीट पाहिलं होतं याचा एक दाखला देतो. पाली संयुक्त निकायातल्या एका सुत्तात संस्कारांना केळीच्या खांबाची उपमा दिली आहे. लाकडाचा गाभा शोधायला एक माणूस रानात जातो, केळ तोडतो, एकेक सोपट उलगडत जातो, आणि गाभा तर सोडाच, त्याला साधं लाकूडही मिळत नाही. वेदान्तानेही निःसारतेसाठी कदलीस्तंभाचा दृष्टान्त वापरला. आता वनस्पतिशास्त्र काय सांगतं? केळीचा खांब हे खोड नाहीच. पानांच्या देठांचे एकात एक बसलेले थर, तेच आपल्याला खोडासारखे दिसतात. खरं खोड जमिनीत असतं, त्यातूनच मुनवे फुटतात. घड धरायच्या वेळी त्याचा दांडा या थरांमधून वर येतो. म्हणजे 'आत गाभा नाही' हे निरीक्षण अगदी बरोबर होतं. ते अनित्यतेच्या विचारासाठी केलं होतं, झाडासाठी नव्हे, म्हणून पुढचा प्रश्न विचारला गेला नाही: हे खोड नाही, तर मग हे काय आहे?

इथे न्यायदर्शनातला एक बारकावा आपल्या कामाचा आहे. नैयायिकांनी उपमान हे वेगळं प्रमाण मानलं. 'गवा गाईसारखा असतो' असं ऐकलेला माणूस रानात जातो, गाईसारखं जनावर पाहतो आणि ओळखतो की हाच गवा. पण नैयायिक लगेच मर्यादाही सांगतात: उपमानाचं फळ म्हणजे नाव आणि वस्तू यांचा संबंध कळणं. त्यापलीकडे काही नाही. गवा काय खातो, कसा जगतो, हे त्यातून कळत नाही. 'मूळ तोंडासारखं आहे' या वाक्याचं नेमकं असंच झालं. त्यातून एक नाव मिळालं. लोकांनी त्याला कार्याचं ज्ञान समजून घेतलं.

दोनशे पौंड माती आणि न मोजलेली पानं

सतराव्या शतकात ब्रसेल्सच्या परिसरात फान हेल्मोंट नावाचा वैद्य होता. जमीन हे झाडाचं पोट असेल, तर झाड वाढलं की जमीन कमी व्हायला हवी. साधा तर्क, पण तो तराजूवर घालावा असं त्याला वाटलं. त्याने एका कुंडीत भट्टीत वाळवलेली 200 पौंड माती घेतली, तीत 5 पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं, धूळ पडू नये म्हणून छिद्रं असलेलं पत्र्याचं झाकण बसवलं आणि फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड भरलं 169 पौंड आणि सुमारे 3 औंस. माती पुन्हा वाळवून तोलली तर कमी झाली होती अवघी 2 औंस, म्हणजे आपल्या मापाने पन्नास-साठ ग्रॅम.

ॲरिस्टॉटलचं पोट तिथेच फुटलं. पण मग 164 पौंड आले कुठून? हेल्मोंट म्हणाला, पाण्यातून, दुसरं काही घातलंच नव्हतं. 1644 मध्ये तो वारला. हा प्रयोग 1648 साली त्याच्या मुलाने छापलेल्या ग्रंथात आला.

त्या वृत्तांतात दोन गोष्टी अशा आहेत की वाचताना आम्ही दर वेळी थबकतो. पहिली: हेल्मोंट प्रामाणिकपणे नोंदवतो की चार शरद ऋतूंत गळून पडलेल्या पानांचं वजन आपण धरलेलं नाही. पान हिशेबातूनच वगळलं गेलं. दुसरी गोष्ट याहून विलक्षण. 'गॅस' हा शब्द जगाला देणारा माणूस हाच. त्याने 62 पौंड ओकचा कोळसा जाळला, राख उरली 1 पौंड. उरलेले 61 पौंड एका अदृश्य 'रानटी' वायूच्या रूपाने निघून गेले असं त्याने लिहिलं. तो वायू म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड. म्हणजे लाकूड जळून वायू होतो हे त्याच्या हातात होतं, आणि लाकूड मातीतून येत नाही हेही त्याच्याच हातात होतं. या दोन तुकड्यांना जोडणारा अवयव कुंडीभोवती गळून पडत होता आणि झाडून टाकला जात होता.

भिंगाखाली आणि काट्यावर

पुढचा टप्पा सूक्ष्मदर्शकाचा. 1671 च्या अखेरीस लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दोघांचं काम एकदमच आलं: इटलीतल्या मालपिगीचं आणि इंग्लंडमधल्या नेहेमिया ग्रूचं. दोघेही वैद्य. खोडातल्या नळ्या, पानांवरची बारीक छिद्रं, बियांतली डाळिंबं यांची त्यांनी काढलेली चित्रं आजही पाहण्यासारखी आहेत.

मालपिगीने एक प्रयोग केला, तो आपल्याकडे दुष्ट हेतूने आजही केला जातो. त्याने फांदीची साल बांगडीसारखी गोल काढली. काही काळाने कापाच्या वरची बाजू फुगली, खालची नाही. म्हणजे सालीतून काहीतरी वरून खाली येत होतं आणि कापापाशी अडत होतं. वरून खाली! अन्न मुळातून वर जात असेल तर फुगायला हवी होती खालची बाजू. पानात रस शिजून तयार होत असावा, अशी अटकळ मालपिगीने बांधली, आणि ती योग्य दिशेची होती.

रस्ता रुंद करायचा असतो किंवा दुकानाची पाटी झाकली जाते, म्हणून झाड 'आपोआप' वाळावं यासाठी बुंध्याची साल गोल तासतात, हे आपण पाहिलेलं असेल. झाड लगेच मरत नाही, कित्येक महिने हिरवं राहतं. कारण आतल्या लाकडातून पाणी वर जातच असतं. मरतं ते मूळ, उपाशी. ज्याला आपण झाडाचं तोंड समजत आलो, त्याला जेवू घालणारं पानच असतं.

फुलाचा निकालही याच काळात लागला. खजुराच्या मादी झाडावर नराचा फुलोरा झाडावा लागतो हे पश्चिम आशियातल्या बागायतदारांना प्राचीन काळापासून माहीत होतं. पण फुलात नर-मादी असतात हे सर्वसाधारण सत्य म्हणून सिद्ध केलं ट्यूबिंगनच्या कामेरारियसने, 1694 मध्ये. एरंडाची नर फुलं उमलण्याआधी खुडली, बी धरली नाही. मक्याच्या कणसाच्या मिशा कापल्या, दाणे भरले नाहीत. लक्षात घ्या, इथेही उपमा प्राण्याचीच होती. ती फळली, कारण उपमेवर थांबण्याऐवजी कामेरारियसने एकेक भाग काढून टाकला आणि काय घडतं ते पाहिलं.

इंग्लंडमधल्या टेडिंग्टनचे पाद्री स्टीफन हेल्स यांनी मोजमापाला पूर्णत्व आणलं. त्यांचं पुस्तक 1727 चं. साडेतीन फूट उंचीचं सूर्यफूल कुंडीत लावून, माती झाकून, ते सकाळ-संध्याकाळ तोलत राहिले. दिवसाच्या बारा तासांत ते सरासरी 20 औंस पाणी हवेत सोडत होतं. दोऱ्यांची जाळी करून त्यांनी पानांचं क्षेत्रफळ मोजलं. देहाच्या आकारमानाशी तोलून पाहता सूर्यफूल माणसाच्या सतरा पट घाम गाळतं, असा त्यांचा हिशेब होता. पानं असलेली फांदी पाणी भराभर ओढते, पानं काढलेली जेमतेम, हेही त्यांनी दाखवलं. आणि जाता जाता शंका व्यक्त केली की झाडाच्या पोषणाचा काही भाग पानांतून, हवेतून येत असावा. प्रकाशाचाही त्यात हात असावा.

1779 चा उन्हाळा

शंकेचं ज्ञान व्हायला आणखी पन्नास वर्षं लागली. 1771 च्या ऑगस्टमध्ये जोसेफ प्रिस्टलीने मेणबत्ती विझलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. झाड बिघडलेली हवा सुधारतं! शोध मोठा होता, पण हट्टी निघाला. प्रयोग कधी जमे, कधी उलटं होऊन हवा अधिकच बिघडे. का, ते कळेना.

ते उलगडलं यान इंगेनहाउझने. हा डच वैद्य व्हिएन्नाच्या राजघराण्याचा. राजकुटुंबाला देवीची लस टोचून नावाला चढलेला. 1779 च्या उन्हाळ्यात त्याने लंडनजवळ एक घर भाड्याने घेतलं आणि तीन महिन्यांत पाचशेहून अधिक प्रयोग केले. पानं पाण्यात बुडवून उन्हात ठेवली की त्यांच्यावर बुडबुडे धरतात. सावलीत ठेवली की थांबतात. ऊब दिली पण ऊन दिलं नाही, तर उपयोग नाही. म्हणजे काम प्रकाशाचं, उष्णतेचं नाही.

मग त्याने जे केलं त्यासाठी आमच्या मते त्याचं नाव शाळेच्या पुस्तकात ठळक हवं. त्याने झाड अवयवशः वेगळं करून प्रत्येकाला तोच प्रश्न विचारला. पानं आणि हिरवे देठ: प्रकाशात हवा सुधारतात, अंधारात बिघडवतात. मुळं, फुलं, फळं: दिवस असो वा रात्र, बिघडवतातच. 'बिघडवतात' म्हणजे आजच्या भाषेत श्वास घेतात. अवयव आणि कार्य यांचा असा तक्ता, प्रयोगातून उतरलेला, इतिहासात आधी नव्हता.

आपल्याकडे फोनवर एक संदेश फिरत असतो की पिंपळ चोवीस तास प्राणवायू देतो. पिंपळाबद्दल आम्हालाही आदर आहे. पण प्राणवायू बाहेर पडायला प्रकाश लागतो, या नियमातून पिंपळाला सूट नाही. निवडुंगासारख्या काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतात हे खरं. प्राणवायू मात्र त्यांचाही उजेडातच सुटतो. ज्यांना या संदेशाची शहानिशा करायची असेल त्यांना 1779 पर्यंत मागे गेलं तरी पुरेल.

पुढचं थोडक्यात. जिनीव्हाच्या सेनेबिएने 1782 मध्ये दाखवलं की पाणी उकळून त्यातला कार्बन डायऑक्साइड घालवला, तर बुडबुडे धरत नाहीत. म्हणजे पान हवा निव्वळ 'सुधारत' नाही, त्या वायूतलं काहीतरी स्वतःकडे ठेवतं. 1804 मध्ये तिथल्याच द सोस्युरने वजनं करून सांगितलं की झाडाच्या देहात पाण्याचाही वाटा असतो, आणि मातीतले क्षारही थोडे पण अत्यावश्यक असतात. तरी मातीतला कुजका अंश हेच झाडाचं मुख्य अन्न, ही समजूत विद्यापीठांतून 1840 पर्यंत टिकली. तिच्यावर जोरदार घाव घातला लीबिगने. आणि 1860 च्या दशकात यूलिउस झाक्सने उन्हातल्या पानात तयार झालेलं पिष्ट आयोडीनने निळंकाळं करून डोळ्यांना दाखवलं. शाळेत आपण सगळ्यांनी केलेला प्रयोग, तो हाच.

पायाने पिणं, पानाने ओढणं

एक प्रश्न राहिला. पाणी एवढ्या उंच चढतं कसं? इथे प्राण्याच्या उपमेने शेवटचा मोठा डाव मांडला. प्राण्यात रक्त फिरवायला हृदय आहे, तसं झाडातही जिवंत पेशींचं स्पंदन असावं. आपले जगदीशचंद्र बोस या मताचे होते. 1923 च्या ग्रंथात त्यांनी ते विस्ताराने मांडलं. वनस्पतीचे सूक्ष्म प्रतिसाद मोजणारी त्यांची उपकरणं अजोड होती, त्यांचं पुष्कळसं काम काळापुढचं होतं. पण या एका बाबतीत पुरावा दुसऱ्या बाजूला होता. त्याआधीच बॉनमध्ये स्ट्रासबर्गरने उंच झाडांचे बुंधे विषारी द्रावणात ठेवले. वाटेतल्या जिवंत पेशी मेल्या, तरी द्रव वर चढतच राहिला. 1894 मध्ये डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी स्पष्टीकरण दिलं: पानाच्या छिद्रांतून पाणी वाफ होऊन जातं, पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून वरून निघालेला प्रत्येक थेंब खालचा थेंब ओढतो. खोडातल्या ज्या नळ्यांतून हे घडतं, त्या पाणी वाहू लागतात तेव्हा मेलेल्याच असतात.

आता भृगूचा कमळाचा देठ आठवा. ओढ वरच्या टोकाला आहे आणि वायूचा त्यात हात आहे, एवढ्यापुरता तो दृष्टान्त जुळतो. न जुळणारा भाग असा की ओढणारं तोंड तिथे कोणाचंच नाही. ऊन आहे, कोरडी हवा आहे आणि पान आहे.

राख काय सांगते

आमचा मुद्दा आता गोळा करतो. उपमा टाकून द्या असं आमचं म्हणणं नाही. उपमेशिवाय नव्या वस्तूकडे पाहायला सुरुवातच होत नाही. कामेरारियसला तिने वाट दाखवली. पण उपमेने प्रश्न सुचावा, उत्तर तिने देऊ नये. ॲरिस्टॉटलपासून चेसाल्पिनोपर्यंत तिने उत्तर दिलं, आणि पान एकोणीसशे वर्षं छत्री होऊन राहिलं.

ही जुनी गोष्ट आहे असं समजू नका. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो आणि तो सगळा हवेतून आलेला असतो, हे सांगितल्यावर शिकलेली माणसंही क्षणभर विश्वास ठेवत नाहीत. खताला आपण पिकाचं 'अन्न' म्हणतो आणि मग जास्त अन्न घातलं तर जास्त पोसेल असं वाटून पोत्यावर पोतं रिकामं करतो. खत लागतंच, नत्राशिवाय तर पान हिरवं होणार नाही. पण जेवणात मिठाची जी जागा, तिच्या जवळपास त्याची जागा आहे. शहरात रस्त्याकडेच्या झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट भरतो आणि आठवड्याला टँकरचं पाणी घातलं की कर्तव्य झालं म्हणतो. मुळालाही श्वास घ्यावा लागतो, हे इंगेनहाउझने सांगून दोनशे चाळीस वर्षं उलटली. तोंडाला पाणी दिलं की पुरे, ही कल्पना मात्र अजून आपल्या हातांत काम करते आहे.

ज्यांच्या घरी चूल आहे किंवा बंब पेटतो, त्यांनी एकदा पाहावं. लाकडांचा भारा जळतो आणि मागे उरते ओंजळभर राख. ती राख म्हणजे झाडाने मातीकडून घेतलेले क्षार. नत्राचा थोडा भाग धुरात जातो, तो सोडला तर मातीचा वाटा जवळजवळ तेवढाच. बाकी सारा भारा पानांनी उन्हात बसून हवा आणि पाणी यांतून उभा केला होता, आणि तो पुन्हा हवेत गेला. हेल्मोंटच्या एका पौंड राखेत हे सगळं होतं.

पुढच्या वेळी झाडाचं चित्र काढणाऱ्या नातवंडाला आपण 'झाड जेवतं कुठून?' असं विचारून बघा. ते बोट कुठे ठेवतं ते पाहा. बहुतेक वेळा ते मुळाकडे जाईल. रागावू नका, त्या बोटामागे ॲरिस्टॉटल उभा आहे. पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवायला सांगण्याऐवजी त्याच्याबरोबर एक कुंडी, एक तराजू आणि थोडा धीर घेऊन बसा. यंदाची गळलेली पानं मात्र तोलायला विसरू नका.